शपथ आणि शिरगणती यांच्यामधले दिवस

प्रति,
ठाणे जिल्ह्यातून विधानसभेवर निवडून आलेले सर्व 18 सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मतदारसंघ क्रमांक 134 भिवंडी ग्रामीणपासून 151 बेलापूरपर्यंत आपण 18 जण एकाच जिल्ह्याचे. 288च्या सभागृहात हा आकडा लहान वाटतो. पण निकाल त्रिशंकू लागला की सरकार कित्येकदा याहून कमी मतांवर तरते किंवा बुडते. कर्नाटकात 2018 साली येडियुरप्पांना आठेक आमदार कमी पडत होते आणि तेवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालय मध्यरात्रीनंतर उघडावे लागले.

आज कोणाकडे किती जागा आहेत, याच्याशी या पत्राचा संबंध नाही. अल्पमतातल्या सरकारांचे नियम ठरवायचे तर ते सरकार समोर नसतानाच ठरवता येतात. निकालाच्या संध्याकाळी बोललेले प्रत्येक वाक्य कोणा एका बाजूचे होऊन जाते.

अल्पमतातले सरकार बनणे यात घटनाविरोधी काही नाही, हे आधी स्पष्ट करतो. नरसिंह रावांचे सरकार 1991मध्ये अल्पमतातच बनले. 28 जुलै 1993 रोजी अविश्वास ठराव 265 विरुद्ध 251 असा फेटाळला गेला आणि सरकारने मुदत पूर्ण केली. आमची हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. मुख्यमंत्री शपथ घेतात तो क्षण आणि सभागृहात मते मोजली जातात तो क्षण, यांच्यामध्ये काही दिवस जातात. त्या दिवसांत सरकारकडे सगळे अधिकार असतात, पण पाठीशी किती आमदार आहेत हे मोजलेले नसते. नुकसान होते ते याच दिवसांत, आणि ते थांबवण्याची दोन साधने आपल्या हातात आहेत: सभागृहाचे नियम आणि आपली सही. राज्यपालांचा विवेकाधिकार आपल्या हातात नाही, म्हणून त्यावर या पत्रात फारसे लिहिलेले नाही.

त्यावर थोडक्यात एवढेच. सरकारिया आयोगाने 1988 साली क्रम सुचवला: आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यावर दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग सर्व घटकपक्ष मंत्रिमंडळात असलेली निकालोत्तर आघाडी, आणि शेवटी काही आत, काही बाहेर अशी आघाडी. हा सल्ला आहे, कायदा नाही. गोव्यात 2017 साली 40पैकी काँग्रेसच्या 17 आणि भाजपच्या 13 जागा होत्या. शपथ पर्रीकरांची झाली आणि दोन दिवसांनी त्यांनी 22 विरुद्ध 16 असे बहुमत दाखवले. तेव्हा ‘सर्वांत मोठ्या पक्षालाच बोलावतात’ हे गृहीत धरून कोणी बसू नये.

आता सभागृहाचे गणित. बहुमत म्हणजे 145, असे सगळेच म्हणतात. सरकार टिकेल का, याचा अंदाज बांधायला तो आकडा ठीक आहे, पण विश्वासदर्शक ठराव मंजूर व्हायला 145 लागतातच असे नाही. कलम 189प्रमाणे निर्णय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतो आणि पीठासीन व्यक्ती फक्त समसमान मते पडली तरच मत देते. म्हणजे 288मधून अध्यक्ष वगळले की उरले 287. समजा 41 सदस्यांचा एक पक्ष सभागृहाबाहेर थांबला, तर मतदान करणारे 246 आणि जिंकायला 124 पुरे. उघड पाठिंबा न देता सरकार वाचवण्याचा हाच मार्ग आहे. मतदारसंघात ‘आम्ही मत दिले नाही’ असे सांगता येते आणि सरकारही उभे राहते. दुसरीकडे, अल्पमतातला पक्ष आपलाच माणूस अध्यक्ष करतो तेव्हा आपले एक मत गमावतो. काठावरच्या आकड्यांत हे एक मतही जड जाते.

गैरहजेरीलाही पक्षांतरबंदी लागू आहे, हे नव्या सदस्यांच्या बऱ्याचदा लक्षात येत नाही. संविधानाच्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मत देणे आणि पक्षादेश असताना मतच न देणे, दोन्हींत सदस्यत्व धोक्यात येते. पक्षाने 15 दिवसांत ते माफ केले तरच सुटका. आणि तो पक्षादेश कोणाचा? 11 मे 2023च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणून निकालानंतरच्या पहिल्या बैठकीत गटनेता आणि मुख्य प्रतोद यांच्या नेमणुकीचे पत्र पक्षाच्या अध्यक्षांच्या सहीने विधिमंडळ सचिवालयात पोहोचले का, त्याची पोच मिळाली का, हे आपण स्वतः विचारावे. हा कागद उशिरा गेला की दोन प्रतोद, दोन पक्षादेश आणि पुढे दोन वर्षे खटले.

पहिल्या साधनाकडे येतो. नियम.

31 ऑक्टोबर 2014 रोजी देवेंद्र फडणवीसांनी शपथ घेतली तेव्हा भाजपच्या जागा 122 होत्या. राष्ट्रवादी काँग्रेसने मतमोजणीच्या दिवशीच बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. शिवसेना विरोधात बसली आणि आपल्याच जिल्ह्यातील कोपरी-पाचपाखाडीचे एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले. 12 नोव्हेंबरला अध्यक्षांची निवड झाली आणि त्याच दिवशी विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोधकांनी पोल, म्हणजे मोजून मतदान, मागितला, तोवर निर्णय जाहीर झालेला होता. मागणी वेळेत आली की उशिरा, यावर वाद रंगला. डिसेंबरच्या 5 तारखेला शिवसेना सरकारात आली आणि वाद मागे पडला. पण महाराष्ट्रातल्या एका सरकारला नेमक्या किती आमदारांचा पाठिंबा होता, याची नोंद त्या दिवशीच्या कामकाजात नाही. राष्ट्रवादीच्या सदस्यांनी ‘होय’ म्हटले की ते गप्प बसले, हेही त्यांच्या मतदारांना कागदावर सापडणार नाही.

आवाजी मतदान रोजच्या कामासाठी योग्य आहे. विधेयकाच्या प्रत्येक खंडाला शिरगणती करत बसले तर अधिवेशन पुरणार नाही. मात्र सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न आवाजावर सोडू नये. शिरगणतीला वेळ लागतो, हे कारणही टिकत नाही. प्रत्येक सदस्याने उभे राहून नाव आणि क्रमांक सांगायला 5 सेकंद धरली, तर 287 जणांचे 24 मिनिटांत आटोपते. मोजणारे दोन बाजूंना दोन, यादीवर खूण करणारा एक आणि घंटा थांबल्यावर दरवाजे बंद, एवढीच तयारी. 30 नोव्हेंबर 2019 रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या बाजूने 169 मते मोजली गेली, विरोधी बाकांवरून भाजपने सभात्याग केला आणि 4 सदस्य तटस्थ राहिले. 4 जुलै 2022 रोजी शिंदे सरकारसाठी 164 विरुद्ध 99 अशी मोजणी झाली. दोन्ही वेळा कामकाज सुरळीत पार पडले.

तेव्हा नियमात एकच वाक्य घालायचे आहे: विश्वासदर्शक आणि अविश्वासदर्शक ठरावावरील निर्णय, कोणी मागणी करो वा न करो, नावनिशीवार शिरगणतीनेच होईल आणि बाजूने, विरोधात, तटस्थ व गैरहजर अशा चारही याद्या त्याच दिवशी प्रसिद्ध होतील. गैरहजरांची यादी मुद्दाम घातली आहे, कारण वर दाखवल्याप्रमाणे सरकार गैरहजेरीनेही वाचते.

यासाठी संविधानदुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. कलम 208ने सभागृहाला स्वतःचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. डिसेंबर 2021मध्ये विधानसभेने हाच अधिकार वापरून अध्यक्षनिवडीतले गुप्त मतदान काढून टाकले. त्या बदलावर मतभेद झाले, पण सभागृहाने मनावर घेतले तर नियम एका अधिवेशनात बदलतो, हे त्यातून दिसले. नियम समितीकडे प्रस्ताव द्यायला 18 सह्या कमी नाहीत, आणि वेगवेगळ्या पक्षांच्या सह्या एका कागदावर आल्या तर तो प्रस्ताव बाजूला ठेवणे अवघड जाईल.

याच नियमाला क्रमाचाही एक खंड जोडावा. निवडून आलेल्या सदस्याने कलम 188ची शपथ घेतल्याशिवाय सभागृहात बसू किंवा मत देऊ नये. तसे केल्यास दिवसाला 500 रुपये दंड आहे. शपथ हंगामी अध्यक्ष, म्हणजे नवे अध्यक्ष निवडले जाईपर्यंत काम पाहणारे, देतात. त्यानंतर अध्यक्षनिवड आधी की विश्वासमत आधी, इथे ओढाताण होते. अल्पमतातल्या सरकारला अध्यक्ष आधी हवा असतो, कारण आवाजी मतदानाचा कौल जाहीर करणारा आणि पुढे अपात्रतेच्या अर्जांवर निर्णय देणारा तोच. 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा क्रमच बदलला: हंगामी अध्यक्षांनी शपथ द्यायची, लगेच विश्वासमत घ्यायचे, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण करायचे. न्यायालयाला दरवेळी हे सांगावे लागू नये. निकाल त्रिशंकू असेल तेव्हा सदस्यांचा शपथविधी संपताच विश्वासमत आणि नंतर अध्यक्षनिवड, असा खंड नियमातच असावा.

आता दुसरे साधन, आपली सही. यावर आम्ही जास्त लिहिणार आहोत, कारण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राचे घोडे कागदाच्या मजकुरावरच अडले.

23 नोव्हेंबर 2019. पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी 8च्या सुमारास फडणवीसांचा शपथविधी झाला. पाठिंब्याचा आधार होता राष्ट्रवादीच्या 54 आमदारांच्या सह्यांची यादी. त्या सह्या गटनेत्याच्या निवडीसाठी पक्षाच्या अंतर्गत कामात घेतल्या होत्या, त्यावर ‘या सरकारला पाठिंबा’ असे लिहिलेलेच नव्हते, असे न्यायालयात मांडले गेले. 26 तारखेला आदेश आला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5पर्यंत बहुमत सिद्ध करा. त्याच दुपारी सरकारने राजीनामा दिला. सुमारे 80 तासांचे ते सरकार एकदाही सभागृहासमोर गेले नाही.

2022मध्ये उलट बाजूने तीच गोष्ट. 11 मे 2023च्या निकालात न्यायालयाने म्हटले की राज्यपालांपुढे जी पत्रे होती त्यांत आमदार सरकारचा पाठिंबा काढून घेत असल्याचे नमूद नव्हते. पक्षातल्या नाराजीवरून बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे होते. तरीही तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता आले नाही.

दोन्ही वेळा सही होती, पण सही कशासाठी हे कागदावर नव्हते.

म्हणून पाठिंब्याचे पत्र प्रत्येक सदस्याने आपले स्वतंत्र लिहावे, सामूहिक यादीला जोडू नये. एक पान पुरते. मतदारसंघाचा क्रमांक व नाव, दिनांक आणि वेळ (वेळ महत्त्वाची, कारण एका दिवसात दोन पत्रे निघू शकतात आणि कुठले नंतरचे हे कळले पाहिजे), ज्यांना मुख्यमंत्री म्हणून पाठिंबा त्यांचे नाव, पाठिंबा मंत्रिमंडळात राहून की बाहेरून, आणि मतदानात बाजूने उभे राहणार की तटस्थ. त्याच्या दोन मूळ प्रती काढाव्यात, एक राज्यपालांना आणि एक विधिमंडळ सचिवांना, दोन्हींवर पोच घ्यावी आणि पत्र त्याच दिवशी जाहीर करावे. बैठकीच्या हजेरीपत्रकावर सही करताना वर ‘फक्त उपस्थिती’ असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारावी, म्हणजे त्या कागदाला नंतर दुसरा मजकूर चिकटवता येणार नाही. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला नकार द्यावा, तो कितीही मोठा नेता असो.

नगरसेवकांच्या बाबतीत हे आपल्याकडे आधीपासून होते. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचा निकाल लागला की पक्ष आणि आघाड्या बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे गट नोंदवतात. निकालोत्तर आघाडीला 1986च्या सदस्य अनर्हता कायद्याने त्यासाठी एक महिन्याची मुदत आहे. कोण कोणत्या गटात, हे सरकारी दप्तरात बसते, आणि महापौरपदाचे मतदान उघडपणे हात वर करून होते. महापौर अल्पमतात गेला तरी पाणी सुटते आणि कचरा उचलला जातो, कारण प्रशासन आयुक्तांच्या हाती असते. राज्य सरकारचे तसे नसते, तरी राज्याच्या सत्तास्थापनेत नोंदणीची ही शिस्त नाही.

पाठिंब्याच्या पत्रात दोन अटी घालाव्यात, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिली अट मुदतीची. राज्यपालांनी किती दिवस द्यावेत, यावर घटनेत आकडा नाही. सरकारिया आयोगाने 30 दिवसांच्या आत असे सुचवले होते. कर्नाटकात 2018 साली राज्यपालांनी 15 दिवस दिले, न्यायालयाने शपथेच्या तिसऱ्या दिवशीच चाचणी घ्यायला लावली आणि येडियुरप्पांनी मतदानाआधी राजीनामा दिला. खरोखर किती दिवस लागतात? गडचिरोली-नंदुरबारच्या सदस्याला मुंबईत पोहोचायला एक दिवस, 288 शपथांना एक दिवस (2019मध्ये जवळपास सगळ्या एका दिवसात झाल्या), मतदानाला एक दिवस, अडचणीसाठी दोन दिवस राखीव. पाच दिवस झाले. विधानसभेचा नियम राज्यपालांना बांधू शकत नाही, पण आपले पत्र मुख्यमंत्र्यांना बांधू शकते: ‘हा पाठिंबा शपथविधीपासून पाचव्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत विश्वासमत घेतले गेले तरच लागू, अन्यथा तो आपोआप मागे घेतला असे समजावे.’ ज्याच्याकडे खरे संख्याबळ आहे त्याला हे वाक्य अडचणीचे नाही. जास्तीचे दिवस ज्याला माणसे फोडायची आहेत त्यालाच लागतात. आणि मतासाठी पैसे घेणाऱ्याला आता सभागृहाच्या विशेषाधिकाराचा आडोसाही नाही: 4 मार्च 2024च्या निकालात सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आडोसा देणारा 1998चा जुना निर्णय रद्द केला आहे.

दुसरी अट संयमाची. शपथ झाली की कायद्याने सरकार पूर्ण सरकार असते, काळजीवाहू नसते. म्हणून मते मोजायच्या आधी घेतलेला निर्णय वैध ठरतो आणि सरकार गेल्यावरही तो मागे उरतो. कोकणाला याचा जवळचा दाखला आहे. 16 मे 1996 रोजी वाजपेयींनी शपथ घेतली, भाजपचे खासदार 161 होते, आणि 28 मे रोजी मतदान न होताच राजीनामा झाला. त्या 13 दिवसांच्या सरकारने दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाच्या प्रतिहमीला, म्हणजे राज्याने पैसे न दिल्यास केंद्राने ते भरण्याच्या हमीला, मंजुरी दिली. लोकसभेचा विश्वास न मिळवलेल्या सरकारची ही मंजुरी पुढच्या सरकारांवर बंधनकारक होऊन बसली.

2019मधल्या त्या 80 तासांत अवकाळी पावसाने नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी 5,380 कोटी रुपये मंजूर केल्याचे जाहीर झाले. शेतकऱ्याला मदत हवीच होती, महिनाभर तो ताटकळत होता. त्यामुळे ‘मोजणीआधी कुठलाच निर्णय नको’ असे आम्ही म्हणत नाही. आपत्तीतली मदत, पगार, रुग्णालये, कायदा-सुव्यवस्था चालू राहिली पाहिजे. पण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या, महामंडळांवरच्या नेमणुका, सिडकोच्या भूखंडांचे निर्णय, चौकशा बंद करणे, दीर्घ मुदतीच्या हमी आणि करार हे विश्वासमतापर्यंत थांबवायचे, आणि तातडीने जे काही केले त्याची यादी विश्वासमताच्या चर्चेआधी सभागृहापुढे ठेवायची. हे कबूल असेल तरच सही.

बाहेरून पाठिंब्याबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण अल्पायुषी सरकारे बहुधा तिथेच संपतात. चरणसिंगांनी 28 जुलै 1979 रोजी शपथ घेतली, काँग्रेसने पाठिंबा काढला आणि 20 ऑगस्टला लोकसभेला सामोरे न जाताच त्यांनी राजीनामा दिला. चंद्रशेखर यांचे सरकारही काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर होते. 6 मार्च 1991 रोजी ते गेले तेव्हा पूर्ण अर्थसंकल्पही मांडून झालेला नव्हता. दोन्ही ठिकाणी पाठिंबा कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लेखी ठरलेले नव्हते. दिल्लीत डिसेंबर 2013मध्ये थोडे वेगळे घडले. 70पैकी 28 जागा मिळालेल्या आम आदमी पक्षाने आधी 18 मुद्द्यांचे पत्र जाहीर केले, मग काँग्रेसच्या पाठिंब्यावर सरकार बनवले. ते 49 दिवसच टिकले. जनलोकपाल विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर 27 विरुद्ध 42 असा पराभव होताच मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. सरकार पडले, तरी ते कोणत्या मुद्द्यावर पडले हे दिल्लीकराला समजले. कमी काळ टिकणे हा दोष मानायचे कारण नाही. लोकांना कारण कळले नाही, तर मात्र पुढच्या मतदानात हिशेब कोणाचा करायचा हे त्यांना समजत नाही.

बाहेरून पाठिंबा देणाऱ्याने अर्थसंकल्पावर आपण काय करणार हे आधीच लिहून द्यावे. विश्वासमत जिंकलेले सरकारही अनुदानाच्या मागणीवर हरले की संपते. 31 मार्चच्या आत लेखानुदान (अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी) किंवा विनियोजन विधेयक मंजूर झाले नाही तर 1 एप्रिलपासून कोषागारातून पैसा निघत नाही. शिक्षकांचे पगार आणि जिल्हा परिषदेची देयके थेट अडकतात. किमान लेखानुदान पाडणार नाही, एवढे तरी त्या पत्रात असावे.

आपल्या जिल्ह्यात याचा ताप कुठे होतो ते आपण जाणता. 21 सप्टेंबर 2019 रोजी निवडणूक जाहीर झाली, 28 नोव्हेंबरला सरकार आले, मंत्रिमंडळाचा विस्तार 30 डिसेंबरला झाला. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. पालकमंत्री ठरत नाहीत तोवर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या पाणीयोजनेची मंजुरी पुढे सरकत नाही.

येत्या अधिवेशनाआधी नियमदुरुस्तीचा मसुदा आणि पाठिंब्याच्या पत्राचा नमुना आम्ही आपल्या प्रत्येकाच्या कार्यालयात आणून देऊ. मसुद्याच्या भाषेत आपल्याला काही बदल हवा असेल तर तो समासात लिहून परत द्यावा. आम्ही दुरुस्त प्रत घेऊन पुन्हा येऊ.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतले काही निवृत्त विधिमंडळ कर्मचारी, वकील आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक